दारातल्या चपला मोजा

सोलापूर महापालिकेतल्या सगळ्या नगरसेविकांना,

नमस्कार.

प्रचाराच्या दिवसांत तुमच्यापैकी दोघी माझ्या दारात येऊन गेल्या. दुपारचा दीड वाजला होता. हलगी त्यांनी कोपऱ्यावरच थांबवली, याचं मला फार बरं वाटलं, कारण आतली आठांपैकी सहा लेकरं नुकतीच निजली होती. एकीनं हातात पत्रक ठेवलं, उंबऱ्याशी मांडलेल्या चिमुकल्या चपलांकडे पाहिलं, "अगं बाई, एवढी कुणाची?" असं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या दारी गेली. तिला देता न आलेलं उत्तर इथं लिहिते आहे. जरा लांबेल.

मी जुळे सोलापुरात गेली चौदा वर्षं पाळणाघर चालवते. राहत्या घरातच. बाहेरची खोली बारा बाय चौदा, आतली दहा बाय दहा, मागं शहाबादी फरशीचं अंगण आणि त्यात पाण्याच्या दोन टाक्या. मुलं आठ. नववं घेत नाही. मदतीला एक मावशी आहेत, त्या सकाळी आठला येतात. साडेआठपासून मुलं यायला लागतात आणि साडेसहाला शेवटचं जातं, म्हणजे जायला हवं. शेअर रिक्षा मिळाली नाही की सातही होतात. अकराला मुगाची खिचडी नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी, चारला फळ. एक तीन वर्षांचा पठ्ठ्या भाकरीबरोबर शेंगाचटणी हवीच म्हणून बसतो, त्याच्यासाठी बिनतिखटाची वेगळी कुटावी लागते. यांच्या आया कोण? एक परिचारिका, दोघी शिक्षिका, एक बँकेत, एक अक्कलकोट रोडच्या कारखान्यात गणवेशाच्या शिलाईवर देखरेखीला, एक नवी पेठेत साड्यांच्या दुकानात. दोघांना आई नाही. त्यांना आजोबा आणि वडील सोडतात.

आता हिशेब सांगते. पाळणाघरवाल्या बायका हिशेब सांगायला लाजतात, मग लोकांना वाटतं, घरात बसून पैसा मिळतोय. महिन्याला एका मुलाचे ३,५०० रुपये. आठांचे पुरे आले तर २८,०००. त्यातून मावशींचे ९,०००, दूध-फळं-धान्य-गॅसचे साडेसहा हजार, लाइटबिल, पिण्याच्या पाण्याचे जार आणि फिनेलपासून औषधाच्या पेटीपर्यंतचा किरकोळ खर्च २,०००. उरतात साडेदहा हजार. दिवसाला दहा तासांचे, रविवार सोडून. तक्रार नाही. हे काम मी निवडलेलं आहे.

गेल्या तीन वर्षांत माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या टप्प्यात चार नवी 'डे-केअर' उघडली. एक शिकवणीवर्गाच्या मागच्या खोलीत, एक दुकानाच्या वरच्या माळ्यावर, एक तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. चौथं नीट आहे. ते चालवणारीला मी ओळखते आणि माझ्याकडे जागा नसली की आयांना तिच्याकडेच पाठवते. बाकीच्या तिघांची पत्रकं वर्तमानपत्रातून येतात. 'फक्त १,५०० रुपयांपासून. वेळेचं बंधन नाही. मोबाइलवर लाइव्ह कॅमेरा.' माझ्याकडची दोन मुलं त्या पत्रकांवर गेली. एकाची आई मला म्हणाली, "काकू, राग मानू नका, तिकडं दीड हजारात घेतेत की हो." राग कसला मानायचा?

मग मी एकदा त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेलेच. खोटं बोलून गेले. नणंदेच्या नातीसाठी चौकशी करायची आहे म्हटलं. बाहेर जिन्यात चपलांचा ढीग होता. मालकीणबाई फोनवर होत्या, म्हणून उभ्याउभ्या मोजल्या. एकतीस जोड, सगळे लहान. ज्यांनी अजून चपला घालायला सुरुवातच केली नाही, ती तान्ही वेगळी. आत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीवर टीव्ही, त्यावर मोठ्या आवाजात कार्टून आणि त्यापुढं सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली मुलं. सांभाळायला दोन मुली. थोरली असेल एकोणीस-वीसची. धाकटीला मी विचारलं, "कितवीला गं?" ती म्हणाली, "सातवीत सोडली." मला ती तेरा-चौदा वर्षांचीच वाटली. काही मोजके अपवाद सोडले तर चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं बंदी आहे, आणि इथं लेकरांना सांभाळायला एक लेकरूच ठेवलेलं.

आतल्या खोलीत मला जाऊ दिलं नाही. "बाळं झोपलीत," म्हणाल्या. सकाळचे अकरा वाजले होते.

हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलं. सकाळी अकराला एखादं बाळ झोपतं. रात्री जागलेलं असेल तर दुसरंही झोपतं. खोलीभर बाळं एकाच वेळी, बाहेर टीव्ही कानठळ्या बसवत असताना झोपत नाहीत हो. माझ्याकडची आठ एकदम झोपली, असा दिवस चौदा वर्षांत मला आठवत नाही. त्या खोलीत काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तेव्हा आरोप करत नाही. पण या धंद्यातल्या बायकांना एकमेकींचं कळतं. सर्दीच्या औषधाची गुंगी सगळ्यांना ठाऊक असते. बाळाला सर्दी नसताना ते पाजलं तरी ते झोपतंच. माझ्याकडून गेलेल्या एका मुलाची आई महिन्याभरानं रस्त्यात भेटली, तेव्हा सांगत होती की तो संध्याकाळी घरी येतो तेव्हा पेंगतच असतो आणि मग रात्री एकपर्यंत टक्क जागा. मी तिला एवढंच म्हटलं, एखाद दिवस न सांगता अकराला जाऊन बघ. ती म्हणाली, अकराला सुट्टी कोण देतंय?

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणाच्या बाटलीवर 'चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये' असं छापायला लावलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या विषारी औषधानं लहान मुलं दगावली. त्यानंतर आरोग्य मंत्रालयानं कळवलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाचच्या आतल्यांनाही सहसा नकोत. ही पत्रं डॉक्टरांना गेली, औषध दुकानांना गेली. पाळणाघरांना कुणी पाठवली? पाठवायची तर पत्ते हवेत, आणि आम्ही किती आहोत, कुठं आहोत, हेच कुणाकडे लिहिलेलं नाही.

माझ्या आजेसासू गिरणीत होत्या. पहाटे भोंगा झाला की निघायच्या. त्या काळी बायका बाळाला अफूची बारीक गोळी चाटवून कामावर जात, असं त्या सांगायच्या. शरमेनं नाही, भाकरी भाजली म्हणावं तसं. ती नुसती म्हातारीची गोष्ट नव्हती. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगानं हिंदुस्थानातल्या कामगार बायका मुलांना अफू देतात हे लिहून ठेवलं आणि गिरण्यांत पाळणाघरं काढा, अशी शिफारस केली. पुढं स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला. त्यातल्या नियमाप्रमाणं, २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता येईपर्यंत, ३० हून जास्त बायका कामाला असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळायला शिकलेली बाई ठेवावी लागे. म्हणजे पाळणाघर ही काही पुण्या-मुंबईच्या साहेबांची चैन नव्हे. अफूला उतारा म्हणून ते कायद्यात आलं, आणि आलं ते आपल्यासारख्या गिरणगावांमुळं.

मग गिरण्या गेल्या. भोंगाही गेला. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये कागदावर ३० बायका भरतच नसत. विडी तर घरातच वळली जाते, एका मांडीवर सूप आणि दुसऱ्या मांडीवर लेकरू. २०१७ मध्ये मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय करणं मालकावर आलं. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता यावं, असंही त्यात आलं. वाचायला फार छान. नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात सहा जणी आहेत.

त्याच दुरुस्तीला धरून २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. मी त्या भाचीकडून मोबाइलवर उतरवून घेतल्या आणि चाळिशी लावून वाचल्या. दर मुलामागं १० ते १२ चौरस फूट जागा. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागं एक बाई, तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागं एक, शिवाय मदतनीस. मी लगेच माझ्या खोल्या मोजल्या. दोन्ही मिळून २६८ चौरस फूट. म्हणजे कागदाप्रमाणं माझ्याकडे बावीस मुलं बसतात! बसतात खरी, पण बसवलेली. रांगायला लागलेलं मूल किती जागा घेतं, हे लिहिणाऱ्यानं मोजलेलं दिसत नाही. आणि दीड वर्षाची दहा मुलं एका बाईनं सांभाळायची म्हणजे काय, हे बघायला त्यांनी एकदा माझ्याकडे दुपारी चारला यावं, सगळी एकापाठोपाठ उठतात तेव्हा. एकाचं लंगोट बदलेपर्यंत दुसरं टाकीच्या तोटीशी आणि तिसरं मावशींच्या पिशवीत.

तरीही मी म्हणते, ते दहा तर दहा. तेवढं पाळलं तरी माझ्या शेजारची निम्मी मुलं मोकळा श्वास घेतील. अडचण अशी की या सूचना मोठ्या आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी आहेत. बाल हक्क आयोगाच्या २०१७ च्या सूचना आहेत, त्यात वीस मुलांमागं एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी सांगितली आहे, पण त्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या प्ले-स्कूलसाठी, तीन-चार तासांच्या. फ्लॅटमध्ये दोन खोल्या घेऊन सहा महिन्यांच्या बाळापासून सगळी मुलं दहा-दहा तास ठेवणाऱ्याला यातलं काय लागू होतं? लोक मला म्हणतात, ते नियम मोडतात. मोडायला नियम हातात तरी यायला हवा.

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला बाईनं कसं आपटलं, ते कॅमेऱ्यात सापडलं आणि सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. त्या आठवड्यात माझ्याकडच्या प्रत्येक आईनं संध्याकाळी मुलाचे कपडे काढून अंग तपासलं असणार. एकीनं तसं कबूलही केलं. मला वाईट वाटलं नाही. मीही तेच केलं असतं. तेव्हा वाटलं, आता काहीतरी होईल, म्हणून मी स्वतःहून नोंदणी करायला निघाले. कुठं कुठं गेले, त्या कचेऱ्यांची नावं घेत नाही. एका खिडकीवर म्हणाले, हे आमच्याकडे नाही, शाळांचं असतं. दुसरीकडे म्हणाले, शाळा नाही ना, मग कामगारांचं. तिथं विचारलं, "कामगार किती?" म्हटलं, एक मावशी. ते हसले. शेवटी काही वर्षांनी लहान धंद्यांची 'उद्यम' नोंदणी आणि दुकानांच्या कायद्याखाली ऑनलाइन सूचना, अशा दोन पावत्या घेऊन घरी आले. दोन्ही कागदांवर माझं नाव आहे, पत्ता आहे. माझ्याकडे मुलं किती, ते एकावरही नाही. वाण्याला आणि मला तोच कागद.

मुलाला कुणी छळलं तर कायदा आहे, चांगला कडक आहे. बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम. सांभाळायला घेतलेल्या संस्थेतल्याच माणसानं क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. पण तो कायदा मूल दुखावल्यावर येतो. गर्दीला त्यात कलम नाही. आणि सगळं गर्दीतूनच सुरू होतं, हे मी पुस्तकातून नाही, स्वतःवरून सांगते.

आठ हा माझा आकडा पहिल्यापासूनचा नाही. सुरुवातीच्या काळात एका मे महिन्यात शेजारणींच्या आग्रहाखातर मी तीन जास्त घेतली. अकरा झाली. पैसेही दिसत होते, खोटं का बोलू. पारा ४३ वर, लाइट गेलेले, मावशी रजेवर, मी एकटी. एकीला भरवत असताना दोन वर्षांचा एक मुलगा न्हाणीघरात गेला आणि घसरला. भुवईवर तीन टाके पडले. रिक्षात त्याला मांडीवर घेऊन बसले होते आणि घरी दहा मुलं शेजारच्या आजींच्या भरवशावर. त्याच्या आईनं मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. तो मुलगा आता दहावीत आहे, रस्त्यात भेटला की पाया पडतो, आणि दर वेळी माझं लक्ष आधी त्या भुवईकडे जातं. मी वाईट बाई नव्हते. अकरा मुलांची बाई होते. ते एकतीसवाले लोकही राक्षस असतील असं मला वाटत नाही.

पण त्यांचा हिशेब बघा. चौतीस मुलं धरली तर दीड हजारानं ५१,०००. दोन मुलींना चार-चार हजार, भाडं नऊ हजार, बिस्किटं आणि पातळ वरणभात धरून चारेक हजार. हातात तीसेक हजार. हा माझा अंदाज आहे. त्यांची वही मी पाहिलेली नाही. या हिशेबात प्रत्येक नवं मूल म्हणजे निव्वळ नफा. माझ्या हिशेबात नववं मूल आलं की दुसरी मावशी ठेवावी लागते आणि माझ्या हातात निम्मंही उरत नाही. आता सांगा, यांच्याशी मी कशानं स्पर्धा करू? खिचडीच्या चवीनं?

पाण्याचं घ्या. आपल्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको; मतं मागताना तुम्हीच आम्हाला सांगितलंत. आठ मुलांचे हात, ढुंगणं, लंगोट, ताटल्या, यांना लागणारं पाणी मी दोन टाक्यांत पाच दिवस पुरवते आणि पाचव्या दिवशी तळ दिसतो. त्या फ्लॅटमध्ये चौतीस मुलांना एक संडास आणि अर्धी बादली. जुलाबाची साथ तिथून निघून किती घरांत जात असेल, याचा हिशेब कुठल्या खात्याकडे आहे? आगीचं तर बोलवत नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली, त्यात एक तान्हं लेकरूही होतं. त्या रविवारनंतर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटच्या गॅलरीकडे माझी नजर जातेच. मुलं पडू नयेत म्हणून जाळी लावून तिला बाहेरून कुलूप घातलंय. हेतू चांगलाच आहे.

आता 'आयाच कशा तिकडे पाठवतात' असं म्हणून हात झटकू नका. नवी पेठेतल्या दुकानात उभं राहून नऊ हजार मिळवणाऱ्या बाईनं साडेतीन हजार मला द्यावेत, हे मीच तिला कुठल्या तोंडानं सांगू? माझ्याकडे एक जागा मी निम्म्या पैशांत देते. दोन देता येत नाहीत. कुंभारीकडच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं आहेत. तिकडंच रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये आणखी १५,००० घरांच्या चाव्या दिल्या. ते तुमच्या हद्दीबाहेर, हे मला माहीत आहे, पण तिथल्या बायका कामाला शहरातच येतात. त्या घरकुलांत राहणारी, शिलाईच्या कारखान्यात जाणारी बाई पाळणाघराला किती देऊ शकेल? सरकारची पाळणाघर योजना होती, एका केंद्रात २५ मुलं, एक सेविका आणि एक मदतनीस, साडेसात तास. २०२२ पासून ती 'पाळणा' नावानं मिशन शक्तीखाली आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं. आपल्या शहरात अशा किती अंगणवाड्या संध्याकाळपर्यंत उघड्या राहतात, त्याची यादी प्रभागवार दारात लावा. यादी छोटी निघाली तर छोटी लावा. शिलाई मशीन वाटपाचे फोटो फ्लेक्सवर पुष्कळ पाहिले. ते मशीन चालवताना बाईचं पोर कुठं असतं, हेही महिला व बालकल्याण समितीत एकदा विचारा.

मी काय मागते ते ऐका. परवाना नको. खरंच नको. उद्या तुम्ही हजार चौरस फुटांची अट, व्यापारी दराची घरपट्टी आणि सतरा दाखले असा परवाना काढलात तर पहिली बंद होईन मी, कारण तपासनीस आला की दार उघडून "या, पाणी घ्या" म्हणणारी मीच आहे. चौतीस मुलांवाला काहीतरी करून तो परवाना भिंतीला लावेल आणि मग आयांना सांगेल, बघा, सरकारमान्य.

मला हवा आहे फक्त एक आकडा. दारावर, बाहेरून दिसेल असा. मुलं इतकी, त्यातली तीनच्या आतली इतकी, सांभाळणाऱ्या इतक्या. तोच आकडा विभागीय कार्यालयात एका पानावर, फुकट लिहून घ्यायचा. आणि वर्षातून चार-सहा वेळा, न सांगता, कुणीतरी येऊन तो बरोबर आहे का ते बघायचं. बास.

कोण येणार, माणसं कुठं आहेत, असं तुम्ही म्हणाल. माणसं येतातच की! पोलिओचा रविवार झाला की पुढचे काही दिवस ताई घरोघर फिरतात. माझ्याकडे दर वेळी येतात. एकेका मुलाची करंगळी बघतात, शाईची खूण नसेल त्याला दोन थेंब पाजतात, शाई लावतात आणि जाताना दाराशेजारी खडूनं घराचा नंबर, तारीख आणि खूण लिहून जातात. जिन्यातल्या चपला त्यांनाही दिसतात. या शहरातल्या कुठल्या दाराआड किती लेकरं आहेत, हे नेमकं माहीत असलेली सरकारी बाई आधीच आहे. तिच्या वहीतला आकडा थेंबांपुरता वापरला जातो आणि पुढच्या पावसात खडू धुऊन जातो. त्या ताईंना कामं आधीच ढीगभर आहेत आणि मानधन तुटपुंजं, तेव्हा हे फुकटात त्यांच्या गळ्यात मारू नका. वेगळे पैसे द्या.

दारावर आकडा असेल तर निम्मं काम आई करेल. 'मुलं ३४, सांभाळणाऱ्या २' असं वाचून पायरी चढताना तिचा पाय एकदा तरी अडखळेल. आणि कुणी ३४ ऐवजी १२ लिहिलं तर चपला आहेतच.

कॅमेऱ्याचं एक राहिलं. माझ्याकडे कॅमेरा नाही, म्हणून दोन मुलं गेली, असं मागाहून कळलं. बसवायला हरकत नाही, पण दुकानात गिऱ्हाईक करणाऱ्या आईला कॅमेरा बघायला वेळ कधी मिळतो? आणि तो बाहेरच्या खोलीत असतो. बाळं आतल्या खोलीत असतात.

गेल्या आठवड्यात मी स्वतःच एक पाटी करून घेतली. पत्र्याच्या तुकड्यावर, दत्त चौकातल्या पेंटरकडून, दोनशे रुपयांत. 'मुले ८. तीन वर्षांखालील ६. सांभाळणाऱ्या २.' त्या चौथ्या, नीट असलेल्या बाईंनीही आपली करायला टाकली आहे. पेंटरनं विचारलं, "आठच? जागा सोडू का पुढं, वाढलं तर?" म्हटलं, नको.

तुमच्यापैकी जिला जमेल तिनं या. फोन करू नका, तसंच या, अकराच्या सुमारास. आधी माझ्याकडे, मग मी बाकीचे तिन्ही पत्ते देते. गाडी कोपऱ्यावर लावा, बेल वाजवू नका, कडी हळू वाजवा. आणि तिकडं वर चढताना जिन्यातल्या चपला मोजत जा.

आपली,
जुळे सोलापुरातली एक पाळणाघरवाली